हजार ओळी, साक्षीदार किती?

आकडा मोठा असला की आपण त्यापुढे मान तुकवतो. सभेत कुणी ‘दोनशे घरांची पाहणी’ म्हटले की पुढचे प्रश्न थांबतात. मीही वर्गात वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो : नोंदी वाढल्या की चूक घटते. मिचेल पीटरसन यांचा निबंध वाचल्यावर ही शिकवण अपुरी असल्याचे ध्यानात आले.

पीटरसन हे अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वित्तशास्त्राचे प्राध्यापक. त्यांचा निबंध २००९ साली प्रसिद्ध झाला. वित्तशास्त्रातले संशोधक अनेक कंपन्यांचे अनेक वर्षांचे आकडे एकत्र घेतात. समजा, पाचशे कंपन्या आणि दहा वर्षे. म्हणजे पाच हजार ओळी झाल्या. परंतु कर्जात बुडालेली कंपनी पुढल्या वर्षीही बहुधा कर्जातच असते. तिच्या दहा ओळी म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. एकाच साक्षीदाराने दहा वेळा दिलेली जवळजवळ तीच साक्ष होय. ती दहा जणांची मानली की निष्कर्षातील संभाव्य चूक कागदावर लहान दिसते आणि निव्वळ योगायोगही सिद्धान्त म्हणून मिरवतो. नामांकित नियतकालिकांतील असे निबंध पीटरसन यांनी तपासले, तेव्हा शेकडा ४२ निबंधांत याची दुरुस्तीच केलेली नव्हती.

उपाय असा : एका कंपनीच्या साऱ्या ओळींचा एक गट धरून संभाव्य चूक मोजायची. काढलेला परिणाम तोच राहतो. त्याविषयीची खात्री मात्र वास्तवाला धरून होते. एखाद्या वर्षाचा धक्का सर्वच कंपन्यांना बसत असेल, तर वर्षांचेही गट धरावे लागतात. गट मूठभरच असतील तर हा उपायही लंगडा पडतो.

आपल्या कार्यकर्त्यांचा याच्याशी संबंध काय? दहा वस्त्यांतून प्रत्येकी वीस घरे घेतली आणि प्रत्येक वस्तीला एकच नळ असेल, तर पाण्याविषयी उत्तरे दोनशे येतील, माहिती मात्र दहा नळांचीच. त्याच वस्त्यांत आणखी शंभर घरे विचारून फारसे साधणार नाही. नव्या वस्त्यांत जावे लागेल. सरकारी अहवालालाही हीच कसोटी लावावी : हे हजारो लाभार्थी किती गावांतले?

आपल्या आकड्यांतली फट विरोधक शोधणारच. ती आधी आपणच शोधलेली बरी. म्हणून विद्यार्थ्यांना पाहणीला पाठवताना ‘घरे किती?’ याआधी मी आता ‘वस्त्या किती?’ असे विचारतो.