घरातला मनी प्लांट: जपणूक आणि खबरदारी

मंडळी, पुण्या-मुंबईत खिडकीच्या गजाला टांगलेल्या बाटलीतही मनी प्लांट फोफावतो. इकडे न्यू जर्सीत मात्र जानेवारीत तो पिवळा पडू लागला की आपण थंडीला दोष देतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर; वनस्पतिशास्त्राशी संबंध शाळेपुरताच. पण आमच्या घरातल्या कुंड्यांकडे बघून एक गोष्ट नक्की सांगतो: हे झाड थंडीपेक्षा आपल्या मायेनेच जास्त मरतं.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली की तिच्यातल्या हवेची जागा पाणी घेतं आणि मुळं कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होतात. आपल्याला वाटतं झाड तहानलंय, आणि आपण आणखी पाणी घालतो! (बाटलीतली मुळं पाण्यातच फुटलेली असल्याने त्याला सरावतात, मातीतल्या मुळांचं तसं नसतं.)

तेव्हा पाणी वार बघून नव्हे, माती बघून घाला. बोट दोन पेरं आत घाला. माती कोरडी लागली तरच पाणी. उन्हाळ्यात हे साधारण आठवड्याने होतं, हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी. पानं मलूल आणि माती कोरडी, तर पाणी द्या. पानं पिवळी आणि माती ओली, तर हात आवरा. कुंडीला खाली भोक हवंच, आणि बशीत साचलेलं पाणी ओतून टाका.

जागा उजेडाची असावी, पण कडक उन्हाची नको. ६५ ते ८५ अंश फॅरनहाइट तापमान त्याला मानवतं. हीटरच्या झोताजवळ किंवा गार काचेला टेकवून ठेवू नका. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा खत बंद.

आता सर्वांत महत्त्वाचं. मनी प्लांट हा आपल्या अळवाचा भाऊबंद. अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो, तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. तेच स्फटिक मनी प्लांटच्या पानांतही असतात. रांगत्या बाळाने पान चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजू शकतात. तोंड पुसून थोडं पाणी किंवा दूध द्या आणि पॉइझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. सेवा मोफत आणि चोवीस तास आहे. श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल तर थेट ९११. कुत्र्या-मांजरांनाही हा त्रास होतो. म्हणून लोंबत्या वेली उंचावर ठेवा.

'हवा शुद्ध होते' म्हणून कुंड्यांवर खर्च करू नका. नासाचा १९८९ चा प्रसिद्ध अभ्यास बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने प्रयोग तपासले, तेव्हा घराच्या हवेत फरक पडायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं दिसलं. त्यापेक्षा खिडकी उघडणं स्वस्त!

नवीन रोपालाही पैसे नकोत. पेराखाली कापलेली फांदी पाण्यात ठेवली की काही आठवड्यांत मुळं फुटतात. चोरून आणलेला मनी प्लांटच पैसा आणतो म्हणतात. पण आमच्याकडे या, फांदी मागून न्या, चहाही मिळेल.