जंतूंची साक्ष

तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून तिची पूड करतात आणि ती दातांना घासतात, हीच मशेरी. महाराष्ट्रातील असंख्य स्त्रियांचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या मशेरीने उजाडत आला. तिने दात बळकट होतात, अशी समजूत. या समजुतीविरुद्ध एक साक्ष मिळाली, ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंकडून.

जंतू दुभंगण्यापूर्वी आपल्या डी.एन.ए.ची नक्कल करतो. त्याचे दोन धागे विलग होतात आणि प्रत्येकासमोर नवा धागा विणला जातो. चार अक्षरांची ही लिपी तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते. नक्कल करताना एखादे अक्षर गळले किंवा अधिक पडले, तर पुढचे सारे गट सरकतात आणि मजकूर निरर्थक होतो. वंशपरंपरेने टिकणाऱ्या अशा बदलास उत्परिवर्तन म्हणतात. पेशी आपली नक्कल तपासून घेते, म्हणून चुका विरळा होतात. परंतु काही रसायने डी.एन.ए.ला चिकटून त्या वाढवितात.

ही रसायने ओळखण्याची युक्ती अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी १९७० नंतरच्या दशकात रूढ केली. त्यांचे साल्मोनेला जंतू उत्परिवर्तनामुळे हिस्टिडिन हे आवश्यक द्रव्य स्वतः बनवू शकत नाहीत. त्यांच्या अन्नात हिस्टिडिनचा केवळ अंश ठेवतात. तेवढ्यावर ते थोडे वेळा दुभंगतात आणि मग खुंटतात. मात्र त्या अवधीत दुसऱ्या चुकीने पहिली चूक सुधारली गेली, तर तो जंतू वाढतच राहतो आणि त्याचा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. परीक्ष्य पदार्थ घातल्यावर ठिपके वाढले, की तो डी.एन.ए.ला अपायकारक ठरतो. अनेक द्रव्ये यकृतात पालटल्यावरच घातक होतात. म्हणून यकृताचा अर्कही मिसळतात.

मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. सुमती भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरीची अशी परीक्षा केली. १९८७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता : यकृताच्या अर्कासह मशेरी जंतूंत उत्परिवर्तने घडविते. प्राण्यांवरील प्रयोगांनीही तिच्या घातकतेस पुष्टी दिली.

जंतूला कर्करोग होत नाही. त्यामुळे त्याची साक्ष हा इशारा असतो, अंतिम निवाडा नव्हे. परंतु जंतूची आणि माणसाची लिपी एकच आहे. जे द्रव्य एकीकडे अक्षरे बिघडविते, ते रोज सकाळी हिरड्यांवर घासणे शहाणपणाचे नव्हे.