आजार आवरला, पण जगण्याचे काय?

बारामती असो की इंदापूर, आपल्या वस्तीत असे एखादे घर असतेच. घरातला कमावता मुलगा काही वर्षांपूर्वी आजारी पडला. झोप उडाली, एकटाच बोलू लागला, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असे त्याला वाटू लागले. आधी भगत झाला, गंडादोरा झाला, मग उशिरा का होईना डॉक्टर झाले. आता गोळ्या चालू आहेत. शेजारीण विचारते, "कसा आहे गं पोरगा?" आई सांगते, "बरा आहे. गप बसून असतो."

आम्ही अडतो ते या 'गप बसून असतो' पाशी. गप बसणे म्हणजे बरे होणे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात माणसाच्या जगण्याची प्रत मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या छोट्या आवृत्तीत २६ प्रश्न आहेत. झोप नीट लागते का? कामाची ताकद आहे का? स्वतःबद्दल समाधान वाटते का? मित्रांची साथ आहे का? गरजेपुरता पैसा आहे का? दवाखाना गाठता येतो का? या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांनी द्यायची नसतात, आईनेही नाही. ती ज्याची त्याने द्यायची असतात. आपल्या घरात आपण त्या मुलाला यातले काय विचारले आहे?

झोपेपासून सुरुवात करू. मनाच्या काही आजारांत झोप मोडली की दुखणे उलटते. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याने हे डॉक्टरांना सांगितले पाहिजे आणि जमेल तर दिवसपाळी मागितली पाहिजे. काही गोळ्यांनी सुस्ती येते, वजन वाढते, हात थरथरतात. तो आळस नव्हे. अशा वेळी गोळी किंवा तिचे प्रमाण बदलता येते, पण ते डॉक्टरांच्या हातून. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. लिथियम घेणाऱ्याने उन्हातान्हात, उसाच्या फडात काम करताना भरपूर पाणी प्यावे आणि सांगितलेल्या वेळी रक्त तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट कामाची. दिवसभर कोपऱ्यात बसवलेला धडधाकट माणूसही खचेल. दोन तासांचे का होईना, जमेल ते काम द्यावे आणि त्याची मजुरी त्याच्याच हातावर ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. सरकारी दवाखान्यातून प्रमाणपत्र मिळाले की सवलतींसाठी अर्ज करता येतो.

तिसरी गोष्ट नात्यांची. चंदीगड भागातील रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास झाला, तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत टोचून बोलणाऱ्या घरांत आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, हे लंडनमध्ये आधी दिसले होते. चंदीगडकडच्या घरांत टोचणी कमी होती आणि आजार उलटण्याचे प्रमाणही कमी होते. म्हणजे आपल्या जिभेचाही औषधात वाटा आहे. तरीही लग्नाच्या दिवशी त्याला मागच्या खोलीत ठेवतात, आणि बाई आजारी पडली की सासरचे लोक तिला माहेरी आणून सोडतात.

चौथी गोष्ट उपचाराची. येरवड्याचे मनोरुग्णालय शंभराहून अधिक वर्षांचे. पण बारामतीहून ते सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. एका फेरीत रुग्णाची आणि सोबत्याची, दोघांची मजुरी बुडते. त्या बुडीपायी औषध सुटते आणि औषध सुटले की आजार परततो. म्हणून सोय जवळच हवी. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे आधी चौकशी करावी. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर २०२२ पासून फुकट सल्ला मिळतो, मराठीतही.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी दवाखान्यात तो मोफत आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास याच कायद्याने मनाई केली. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत. २८ जीव गेले. त्यांना तेथे आणून सोडणारी घरची माणसेच होती, बरे व्हावेत म्हणून.

वाचकहो, आपल्या मागच्या पिढ्यांनी वेशीबाहेरचे जगणे भोगले. पाण्याला शिवू न देणे, पंगतीत वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग आपल्याच घरातल्या माणसाला आपण वेशीबाहेर का ठेवावे? येत्या रविवारी त्याच्याजवळ बसा. "गोळी घेतलीस का?" एवढेच विचारून उठू नका. "दादा, तुला काय करावेसे वाटते?" असे विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.