डोंगरातील बंद हॉटेले आणि भोवतालची शेती : कॅटस्किलचा अनुभव

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून शेतावर पाहुणे ठेवण्याविषयी शेतकरी बंधू-भगिनींकडून बरीच विचारणा होते. खोल्या किती बांधाव्यात, कर्ज किती मिळेल, पोहण्याचा तलाव हवा की नको, असे प्रश्न त्यात असतात. शेताचा विषय क्वचितच निघतो. म्हणून अमेरिकेतील एका डोंगराळ भागाची माहिती येथे देत आहोत. तेथे शेतकऱ्यांनीच घरात पाहुणे ठेवण्यास सुरुवात केली. त्यातून शेकडो हॉटेले उभी राहिली, पुढे ती बंद पडली, आणि त्याच जागा पुन्हा वापरात आणून गावांना रोजगार देण्याचे प्रयत्न गेली काही वर्षे चालू आहेत.

हलक्या जमिनीचा जोडधंदा

कॅटस्किल हा डोंगराळ भाग न्यूयॉर्क शहराच्या वायव्येस सुमारे १५० कि.मी. अंतरावर आहे. त्यातील सुलिव्हन व अल्स्टर या जिल्ह्यांशी आपल्या विषयाचा संबंध येतो. येथील जमीन उथळ, आम्लधर्मी आणि हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांनी भरलेली आहे. शेतातून वेचलेल्या दगडांचे जुने बांध आजही रानात दिसतात. थंडी लांबत असल्याने पिकांना हंगाम थोडा मिळतो. एकोणिसाव्या शतकात येथील हेमलॉक वृक्षांची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जात असे. झाडे संपली तसे ते कारखानेही गेले. अशा जमिनीत गवत चांगले येते, त्यामुळे दुधाळ गाई आणि कोंबड्या हाच शेतकऱ्यांचा मुख्य आधार राहिला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांनी येथील स्वस्त शेते विकत घेतली. न्यूयॉर्कच्या शिवणकाम कारखान्यांतील कोंदट जीवनाला कंटाळलेली ही माणसे होती. १९०० साली स्थापन झालेली ज्यू कृषी संस्था त्यांना कर्ज व शेतीविषयक सल्ला देत असे. तरीही केवळ दूध व अंडी यांवर संसार चालणे कठीण होते. उन्हाळ्यात शहरातील नातेवाईक व ओळखीचे लोक हवापालटासाठी येऊ लागले, तेव्हा त्यांना भाड्याने खोली देण्याची प्रथा पडली. दूध शहराकडे नेणाऱ्या रेल्वेनेच पाहुणे डोंगरात आणले.

यातील एक पद्धत आपल्या शेतकऱ्यांनी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. तिला यिडिश भाषेत 'कुखालेन' म्हणत, म्हणजे 'आपले आपण शिजवा'. कुटुंबाने एक खोली भाड्याने घ्यावी, सामाईक स्वयंपाकघरात आपली चूल मांडावी आणि दूध, अंडी, भाजीपाला त्याच शेतकऱ्याकडून घ्यावा, अशी ही व्यवस्था होती. शेतकऱ्याला आचारी ठेवावा लागत नसे आणि माल घेणारे गिऱ्हाईक गोठ्याच्या दारात येत असे. दिसायला हा धंदा लहान होता, पण माझ्या मते या भागाच्या सर्व इतिहासात शेतीला सर्वांत जास्त फायदा याच टप्प्यात झाला.

या शेतकऱ्यांनी सहकारही केला. लाकडी घरांत पाहुणे ठेवणाऱ्यांना आगीचा विमा मिळणे कठीण होते, म्हणून १९१३ साली त्यांनी स्वतःची सहकारी अग्निविमा संस्था काढली. पुढे वुडरिज येथे पशुखाद्यासाठीही सहकारी संस्था उभी राहिली.

शेत सुटले, हॉटेल वाढले

ग्रॉसिंगर कुटुंबाने १९१४ साली फर्नडेल येथे एक पडीक शेत घेतले. शेतीत भागेना म्हणून त्यांनी आठवड्याला ९ डॉलर घेऊन पाहुणे ठेवले. घरच्या स्वयंपाकामुळे गर्दी वाढली आणि १९१९ साली ते शेत विकून त्यांनी लिबर्टी गावाजवळ मोठी जागा घेतली. भरभराटीच्या काळात या हॉटेलाकडे सुमारे १,२०० एकर जमीन, ३५ इमारती, गोल्फचे मैदान आणि स्वतःची विमानाची धावपट्टी होती. बर्फावरील खेळांसाठी १९५२ साली तेथे कृत्रिम बर्फही वापरण्यात आला. हॉटेल १९८६ साली बंद पडले.

विसाव्या शतकाच्या मध्यास या भागात ५०० हून अधिक हॉटेले होती. लोक या पट्ट्याला 'बोर्श्ट बेल्ट' म्हणत. बोर्श्ट म्हणजे बीटाचे सार. ते दाट आंबट सायीबरोबर खातात. म्हणजे नाव पडले तेही शेतमालावरूनच. पण हॉटेल जसे मोठे झाले, तसा शेताशी संबंध तुटत गेला. कियामेशा लेक येथील कॉन्कॉर्ड हॉटेलाच्या भोजनगृहात एका वेळी सुमारे ३,००० माणसे जेवत. एवढ्या स्वयंपाकघराला रोज ठरावीक वेळी, ठरावीक प्रतीचा आणि ठरावीक वजनाचा माल लागतो. दहा-वीस गाईंचा शेतकरी तो एकट्याने देऊ शकत नाही. वाढपी बहुधा शहरातून आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी असत आणि मिळालेल्या बक्षिशीतून आपली फी भरत. म्हणजे मालाचा आणि मजुरीचा बराचसा पैसा जिल्ह्याबाहेर जाऊ लागला. दुधासाठी सहकार करणाऱ्या शेतकऱ्यांनी हॉटेलांना माल पुरविण्यासाठी संघ बळकट केला असता, तर चित्र काही वेगळे दिसले असते असे वाटते.

घसरणीची कारणे अनेक आहेत. शहरातील घरांत वातानुकूलन यंत्रे आली, त्यामुळे उकाड्यापासून पळण्याची निकड राहिली नाही. विमानप्रवास स्वस्त झाल्याने लोक फ्लोरिडा व कॅरिबियन बेटांकडे वळले. पूर्वी अनेक हॉटेले ज्यू लोकांना प्रवेश नाकारीत. हा भेदभाव कायद्याने बंद झाल्यावर त्यांना सर्वत्र दारे खुली झाली, ही चांगलीच गोष्ट झाली, पण कॅटस्किलचे हक्काचे गिऱ्हाईक गेले. रेल्वे १९५७ सालीच बंद पडली होती. कॉन्कॉर्ड १९९८ साली मिटले.

पुनरुज्जीवनाचे प्रयत्न

हॉटेल बंद झाले की इमारत तशीच राहत नाही. छत गळते, फरशा फुटतात, लाकूड कुजते. त्यामुळे जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा पाडणे स्वस्त पडते. ग्रॉसिंगरच्या बहुतेक इमारती २०१८ साली पाडल्या गेल्या.

कॉन्कॉर्डच्या जागेवर जुगारगृह बांधण्याचे ठरले. त्यासाठी न्यूयॉर्क राज्याच्या घटनेत दुरुस्ती करावी लागली व मतदारांनी ती २०१३ साली मंजूर केली. १०० कोटी डॉलरहून अधिक खर्चाचा हा प्रकल्प फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. नोकऱ्या निर्माण झाल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु उत्पन्न अपेक्षेइतके झाले नाही, चालक कंपनी तोट्यात गेली आणि २०१९ साली तिच्या मोठ्या भागधारकांनी ती पूर्णपणे ताब्यात घेतली. मुळात जुगारगृहास डोंगर लागत नाही. तो खेळ बंद दालनातला आहे आणि न्यूयॉर्कच्या आसपास तो इतरत्रही मिळतो.

कुचर्स हे १९०७ साली शेतघरातून सुरू झालेले हॉटेल होते. त्याची जागा भारतातील एस्सेल समूहाचे सुभाष चंद्र यांच्याशी संबंधित कंपनीने घेतली, जुन्या इमारती २०१४ साली पाडल्या आणि २०१८ साली तेथे आयुर्वेद व निसर्गोपचाराचे केंद्र काढले. बेथेल येथे दुग्धव्यावसायिक मॅक्स यास्गर यांच्या लसूणघासाच्या शेतात १९६९ साली वुडस्टॉकचा प्रचंड संगीत महोत्सव झाला होता. त्या जागेवर २००६ साली कलाकेंद्र उभे राहिले.

या डोंगरांचे दुसरे उत्पन्न मात्र कमी लोकांना माहीत असते. ते म्हणजे पाणी. न्यूयॉर्क शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कॅटस्किल व डेलावेअर खोऱ्यांतील धरणांतून येते. गाळण प्रकल्पावर प्रचंड खर्च करण्याऐवजी शहराने पाणलोटातील शेतकऱ्यांनाच मदत देण्याचे ठरविले. यासाठी १९९३ साली शेतकऱ्यांचा सहभाग असलेली पाणलोट कृषी परिषद स्थापन झाली आणि १९९७ साली राज्य, शहर व गावे यांच्यात करार झाला. शेणखताच्या साठवणीची पक्की सोय, ओढ्यांना कुंपण, काठावर झाडांचे पट्टे अशा कामांचा खर्च शहर देते. धरणांखाली गावे गेली होती, त्यामुळे शहराबद्दलचा कडवटपणा होताच. तरीही हॉटेलांप्रमाणे हा व्यवहार हंगामी नाही, कारण शहराला पाणी बाराही महिने लागते.

आपल्याकडे काय करावे

समजा, एका पाहुण्याने दिवसाचे १,५०० रुपये दिले. दूध, तांदूळ, भाजी, कोंबडी ही शेतावरची किंवा गावातली असेल आणि स्वयंपाक गावातील महिला बचत गटाकडे असेल, तर त्यातील मोठा भाग गावात राहतो. तोच माल तालुक्याच्या घाऊक दुकानातून आणि व्यवस्थापक शहरातून आणला, तर खोलीचे भाडे तेवढे उरते, आणि त्यातून बँकेचा हप्ता फेडावा लागतो. हप्ता वर्षभर असतो, पाहुणे नसतात.

म्हणून पहिल्या हंगामात नवे बांधकाम करू नये. राहत्या घरातील एक-दोन खोल्या स्वच्छ करून, शौचालय व पिण्याच्या पाण्याची व्यवस्था नीट करून सुरुवात करावी. पाहुण्यांच्या जेवणाला लागणारा भाजीपाला ध्यानात घेऊन परसबागेत पालेभाज्यांची पेरणी दर आठ-दहा दिवसांनी टप्प्याटप्प्याने करावी, म्हणजे माल एकदम निघून वाया जात नाही. जे पीक आपल्याकडे नाही ते शेजाऱ्याकडून ठरवून घ्यावे व भाव आधी बोलावा. जवळ मोठे हॉटेल असल्यास एकेकट्याने दारात जाण्याऐवजी दहा-पंधरा जणांच्या गटाने प्रतवारी करून रोजचा पुरवठा स्वीकारावा. प्रत्येक पाहुण्यामागे घरचा माल किती, गावातून घेतलेला किती आणि बाहेरून आणलेला किती, याची वेगवेगळ्या रकान्यांत नोंद ठेवावी. पुढील खोल्यांसाठी कर्जाचा अर्ज करताना ही वही सोबत न्यावी.