दोन आसनी मोटारीचा संसार

इंदूरच्या माणिकबाग महालात आज केंद्रीय कर-विभागाचे दफ्तर भरते. तेथे नोटिशीचे कागद काखोटीला मारून हजर होणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, एकार्ट म्यूथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने ज्यांच्यासाठी ही वास्तू उभारली, त्या महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कारखान्याची एक चॅसिस खरेदी करून, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून जेमतेम दोन आसनांचा, पण ऐसपैस लांबीचा देह चढवून घेतला होता. आठ सिलिंडरांचे, सुपरचार्जर जोडलेले तिचे इंजिन कारखान्याच्या हिशेबाने ३२० अश्वशक्तीचे होते. उंची मोटार त्या काळी अशीच घेतली जाई : सांगाडा आणि इंजिन कारखान्याने द्यायचे, आणि वरचा देह मात्र, शिंप्याकडून अंगरखा बेतून घ्यावा तसा, गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यायचा.

ही मुभा पहिल्या मालकाची होती. ज्याच्या हाती तीच किंवा तशी मोटार पाऊणशे वर्षांनी, चार-पाच मालकांचे संसार पाहून येते, त्याचा अधिकार वेगळा आणि माझ्या मते पुष्कळच मर्यादित आहे. जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घेऊन तिच्यात नव्या मोटारीचे इंजिन बसविणे, रुंद चाके लावणे, पुढची जाळी कापून टाकणे, हे उद्योग ज्यांना करावयाचे असतील त्यांनी खुशाल एखादी नवी मोटार घ्यावी. तिच्यात जुनेपणा नसल्यामुळे नासण्यासारखेही काही नसते.

संस्थानी ताफ्यांतील कित्येक मोटारी परदेशी गेल्या, आणि १९७२ साली सरकारने अशा मोटारींच्या निर्यातीवर बंदी घातली तेव्हा उरलेल्या येथेच राहिल्या. सामान्य हौशी गृहस्थाने ड्यूसेनबर्गचा विचार करू नये हे उघडच आहे. पण १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे सुमारे दहा हजारांच्या संख्येने तयार झालेली एम.जी.ची ‘टी.सी.’ ही दोन आसनी मोटार अभ्यासण्याजोगी आहे. हिचे इंजिन १२५० सी.सी.चे, शक्ती अवघी ५४ अश्वांची, आणि सुकाणू सगळ्याच गाड्यांना उजव्या बाजूस, म्हणजे आपल्या रस्त्यांना सोयीचे.

या गाडीची परीक्षा करताना नवखा मनुष्य आधी बॉनेट उघडून इंजिन सुरू करावयास सांगतो, आणि ते एका किल्लीत घरघरू लागले की बयाणा देऊन मोकळा होतो. वास्तविक इंजिन हा या व्यवहारातला सर्वांत कमी भयाचा भाग. ते उघडता येते, लेथवर बोअर करता येते, त्याचे सुटे भाग आजही विलायतेत नवे तयार होतात. खरे भय आहे ते पत्र्याच्या आत. टी.सी.चा पत्रा ज्या चौकटीवर ठोकलेला असतो ती चौकट लोखंडाची नसून ॲश नावाच्या विलायती लाकडाची असते, आणि ते लाकूड बिजागरीपाशी कुजले की बाहेरून कितीही चकचकीत रंग दिला तरी दार खाली बसते. म्हणून दार अर्धे उघडावे, त्याच्या टोकाला हात घालून ते हलकेच वर उचलून पाहावे; बिजागरी पक्की असून दाराबरोबर मागचा खांबच हलत असेल, तर मालकाने सांगितलेल्या किमतीत सुताराची कित्येक महिन्यांची मजुरी मनातल्या मनात मिळवावी. त्याचप्रमाणे खिशात एक लहानसे लोहचुंबक बाळगून ते मडगार्डावरून फिरवावे. जेथे ते पकड सोडते तेथे पत्र्याऐवजी डेंटरने पुट्टी भरलेली आहे असे निःशंक समजावे. मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीपेक्षा माळव्याच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली गाडी मला अधिक विश्वासाची वाटते, परंतु कोरड्या हवेत वाळवीही सुखाने नांदते हे विसरता कामा नये. आपल्याकडचे सुतार ॲशच्या जागी सागवान घालतात. सागवानाला वाळवी सहसा शिवत नाही खरी, पण ॲशची लवचिकता त्यात नसल्यामुळे सांधे अधिक काळजीने जुळवावे लागतात.

मिस्त्रीची निवडही याच सावधपणाने करावी. टी.सी.च्या इंजिनात एक चमत्कारिक गोम आहे. ते कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात बनले तो मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. तेथील यंत्रे मेट्रिक आट्यांची होती, आणि इंग्रज मोटार-उत्पादक मॉरिसने कारखाना विकत घेतल्यावर इंग्रज मिस्त्र्यांचे पाने चालावेत म्हणून बोल्टांची डोकी तेवढी व्हिटवर्थ मापाची केली. परिणामी, पाना इंग्रजी मापाचा बसला म्हणजे आटेही इंग्रजीच असणार, अशा समजुतीने कोणी बाजारचा इंग्रजी बोल्ट जोराने पिळला, की इंजिनातील मूळ आटे कायमचे खरडले जातात. ही गोष्ट ज्याला न सांगता माहीत आहे, त्याच्या गॅरेजात गाडी निर्धास्तपणे सोडावी.

आता फेरफारांविषयी. काही बदल काळानेच आवश्यक केले आहेत. शिसेयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. त्या शिशाचा पातळ थर पूर्वी व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करी, म्हणून इंजिन उघडलेच आहे तर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जे जुने रबर कुरतडते आणि हवेतला ओलावा शोषून टाकीला आतून गंज आणते. तेव्हा नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करावी. ही कामे बाहेरून दिसत नाहीत आणि मोटारीचे मूळ रूप बदलीत नाहीत, एवढ्याचसाठी मी त्यांना पसंती देतो.

कायद्याचा कलही याच बाजूस आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते. आणि जुलै २०२१ मध्ये केंद्राने जारी केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते ती चॅसिस, देह वा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसेल तरच. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. म्हणून सौदा पक्का करण्यापूर्वी आर.सी. बुकातील इंजिन व चॅसिस क्रमांक आणि प्रत्यक्ष धातूवर ठोकलेले क्रमांक यांची रुजवात स्वतःच्या डोळ्यांनी घ्यावी. दलालाच्या ‘होऊन जाईल साहेब’ या आश्वासनावर दस्तऐवज करू नये. गाडी परराज्यातील असल्यास तिकडच्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा पुरावा आणि हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने हाती पडेपर्यंत मोबदल्याचा शेवटचा हप्ता राखून ठेवणे हेच शहाणपणाचे.

एक बंधन मात्र हौशी माणसाला जाचते. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर काढता येते. रविवारी सकाळी ती इंदूरच्या ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीसमोर उभी करून मालक पोहे-जिलबी खात असेल आणि भोवती पन्नास माणसे जमून गाडी न्याहाळीत असतील, तर त्यास प्रदर्शन म्हणावे की नाही, याविषयी नियमांत काहीही लिहिलेले नाही.