कॉलर बोन जुळलं, पण हात उचलेना? हाडासोबत नसेला मार लागला असेल तर पहिले तीन महिने वाया घालवू नका

पिंगळी (ता. परभणी) : मोटारसायकल घसरली, ट्रॉलीवरून तोल गेला, बैलानं ओढलं आणि माणूस खांद्यावर आपटला, की बऱ्याचदा मोडतं ते कॉलर बोन. म्हणजे गळ्याखाली दोन्ही बाजूंना हाताला लागणारं आडवं हाड. एक्स-रे निघतो, हात झोळीत अडकवला जातो आणि 'दीड-दोन महिन्यात जुळेल' असं सांगून घरी पाठवतात. बहुतेकांचं तसं होतंही.

काही जणांचं मात्र हाड जुळतं आणि हात उचलतच नाही. कोपर वाकत नाही, बोटांत पकड येत नाही. घरचे म्हणतात, बांधून ठेवल्यामुळं आखडला असेल, तेल लावा, होईल हळूहळू. असे सात-आठ महिने जातात. मग मोठ्या दवाखान्यात कळतं की मार नसेलाही लागला होता आणि ऑपरेशनची चांगली वेळ निघून गेली. अशा जखमा कमी असतात, पण ज्याला होते त्याचा कामाचा हात जातो.

नस म्हणजे नेमकी कोणती?

आपण रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो. इथं विषय आहे मेंदूचा हुकूम हातापर्यंत नेणाऱ्या नसांचा. मानेच्या मणक्यातून अशा पाच मुख्य नसा निघतात, एकमेकींत गुंफतात आणि कॉलर बोन व पहिल्या बरगडीच्या मधल्या अरुंद जागेतून काखेत उतरतात. खांदा, कोपर, मनगट, बोटं, सगळं त्यांच्यावर चालतं. हाताची मोठी रक्तवाहिनी तिथूनच जाते आणि फुप्फुसाचं टोकही जवळच असतं.

हाडाचं टोक नसेत घुसलं असेल असं लोकांना वाटतं. तसं क्वचित होतं. जास्त वेळा नस ताणली जाते. गाडीवरून फेकला गेलेला माणूस खांद्यावर पडतो, डोकं एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला जातो, मधल्या नसांना हिसका बसतो. म्हणून हाड थोडंच मोडलं असलं तरी नसेचा मार मोठा असू शकतो. दुसरं म्हणजे, एक्स-रेमध्ये नस दिसत नाही. 'एक्स-रेत विशेष काही नाही' याचा अर्थ नस ठीक आहे असा होत नाही.

पहिल्याच दिवशी काय बघायचं

खांदा दुखतो म्हणून तो हलत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण कॉलर बोन मोडल्यानं बोटं हलायची थांबत नाहीत. हात झोळीतच ठेवून पेशंटला सांगा : मूठ वळ, उघड. अंगठा वर कर. बोटं फाकव. मनगट वर उचल. जमेल तेवढं कोपर वाकव. मग खांद्याची बाहेरची बाजू, अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना हलकेच बोट लावून विचारा, दुसऱ्या हातासारखंच कळतंय का? यातलं एकही जमलं नाही तर डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पहिल्या दिवशी हात किती चालत होता, याची नोंद पुढच्या डॉक्टरांना फार कामाला येते.

हाडाच्या खाली छातीवर तळहाताएवढी जागा बधीर वाटली, तर सहसा घाबरायचं कारण नाही. ती फक्त कातडीची बारीक नस असते, हाताची ताकद तिच्यावर नाही.

पण हात गार पडला, पांढरा-निळा झाला, मनगटाची नाडी लागेना, गळ्याजवळ सूज वाढत चालली, दम लागला किंवा हाड कातडी फाडून बाहेर आलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. त्याच बाजूच्या डोळ्याची पापणी खाली आली आणि बाहुली बारीक दिसली, तर नस मणक्यातून उपटल्याची ती खूण असू शकते. तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कधी कधी त्रास उशिरा सुरू होतो. छातीवरून पाठीकडं आठच्या आकड्यासारखा बांधलेला पट्टा काखेत करकचून बसला तर हाताला मुंग्या येतात. पट्टा लगेच सैल करून घ्यायचा. काहींना तर हाड जुळताना आलेल्या गाठीनं नस दबते आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी हात जड पडायला लागतो. तोही तपासून घ्यावा.

केबलचं उदाहरण

विहिरीवरची मोटार बंद पडली की आपण आधी केबल बघतो. नसेचंही तसंच आहे. कधी केबल शाबूत असते, फक्त करंट थांबलेला असतो. नसेला नुसता धक्का बसला असेल तर काही दिवसांत ते दोन-तीन महिन्यांत हात आपोआप चालू होतो. कधी वरचं आवरण शाबूत, पण आतली तार तुटलेली असते. ही नस आतून पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर. तिसऱ्या प्रकारात केबलच तुटलेली असते, तिला ऑपरेशनशिवाय इलाज नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे केबल स्टार्टरमधूनच उपटून निघालेली असते, म्हणजे नस मणक्याच्या मुळापासून सुटलेली. ती जागेवर पुन्हा जोडून हात पूर्ववत करता येत नाही.

आता हिशोब करा. गळ्यापासून दंडाच्या स्नायूपर्यंत साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. दिवसाला १ मिलिमीटरनं तिथं पोचायला नस आठ-दहा महिने घेणार. बोटांपर्यंत पोचायला तर जवळजवळ दोन वर्षं. आणि स्नायू एवढा थांबत नाही. नसेचा हुकूम न मिळालेला स्नायू वाळत जातो, वर्ष-दीड वर्षानंतर नस पोचली तरी तो काम करत नाही. हाडाला उशिरा प्लेट टाकली तरी चालून जातं, नसेच्या बाबतीत तसं चालत नाही.

म्हणून डॉक्टर वेळापत्रकानं चालतात. दर महिन्याला ताकद तपासायची. तीन-चार आठवड्यांनी नसेची करंटची तपासणी, म्हणजे एनसीव्ही-ईएमजी. ती पहिल्या आठवड्यात केली तर नीट कळत नाही, म्हणून 'नंतर या' म्हटलं तर टाळाटाळ समजू नका. गरज पडली तर मानेचा एमआरआय. तीन महिन्यांत हालचाल परत यायचं नाव नसेल, तर नसांच्या सर्जनकडं जायलाच पाहिजे. ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या आत झालेलं बरं, नऊ महिन्यांनंतर नस जोडून मिळणारा फायदा कमी होत जातो. नस मुळातून उपटल्याची शंका असेल किंवा हाडाचा तुकडा नस दाबत असेल, तर तीन महिनेही थांबत नाहीत.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

तुटलेल्या नसेच्या मध्ये पायाच्या पोटरीतली एक बारीक नस काढून जोड लावतात. तिच्यावाचून पायाला मोठी अडचण येत नाही, फक्त पावलाच्या कडेला बधिरपणा राहतो. मुळापासूनच उपटलेली असेल तर शेजारच्या चालू नसेतून फांदी घेतात. थोडक्यात आकडा टाकतात, पण हा आकडा कायदेशीर! फ्रान्सचे सर्जन ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये करंगळीकडं जाणाऱ्या चालू नसेतले थोडे धागे कोपर वाकवणाऱ्या नसेला जोडायची पद्धत सांगितली. दंडातच जोड असल्यानं अंतर कमी पडतं, म्हणून ती आता जगभर वापरतात. पहिलं लक्ष कोपर वाकणं आणि खांदा उचलणं याच्यावर असतं. बोटांची बारीक ताकद परत येणं अवघड, हे आधीच माहीत असलेलं बरं. वर्ष उलटून गेलं असेल तरी दुसऱ्या जागचा स्नायू फिरवून काही काम परत मिळवता येतं, तेव्हा तेव्हाही दाखवायला हरकत नाही.

तोपर्यंत घरी

फिजिओथेरपिस्टनं दाखवल्याप्रमाणं दुसऱ्या हातानं बोटं, मनगट, कोपर रोज हलवत राहा. खांदा कधी हलवायचा ते डॉक्टर सांगतील. सांधे आखडले तर नस परत येऊनही उपयोग नाही. बधीर हाताला चटका कळत नाही, म्हणून चूल, गरम पाण्याची बादली, शेकायची पिशवी यापासून तो जपा. ताज्या मोडलेल्या हाडावर मालिश नको, तिथं रक्तवाहिनी अगदी जवळ आहे. आणि 'नसेच्या ताकदीची' व्हिटॅमिनची इंजेक्शनं घेत बसणाऱ्यांना एवढंच सांगतो की तुटलेली नस त्यानं जुळत नाही. हाताला आग पडल्यासारखं, करंट लागल्यासारखं दुखतं, त्यासाठी नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्यांपेक्षा वेगळी औषधं असतात. ती मागून घ्या.

कुठं जायचं?

सुरुवात परभणीच्या जिल्हा रुग्णालयातून करा, तिथं २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पुढं नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचं घाटी. नस जोडायचं काम प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे खास सर्जन करतात, सगळीकडं होत नाही. मुंबईला पाठवलं तर देवगिरी, तपोवन परभणीवरूनच जातात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशन कार्ड, आधार कार्ड, पहिला एक्स-रे आणि पहिल्या दिवसाचा केसपेपर सोबत ठेवा.

एक गोष्ट बाळंतिणीच्या घरच्यांसाठी. अवघड बाळंतपणात बाळाचं कॉलर बोन मोडू शकतं आणि हाताची नसही ताणली जाऊ शकते. बाळ एक हात हलवत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. बहुतेक बाळांचा हात सुधारतो, पण तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकायला लागलं नाही तर त्यालाही सर्जनकडं न्यावं लागतं.