पाडव्याची यादी आणि तिची चिन्हं

दिवाळीचा पाडवा म्हटलं की आपल्याकडे ओवाळणी आणि फराळ. गौतमपुऱ्यात मात्र त्या संध्याकाळी हिंगोट! गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीचा कलगी असे दोन संघ समोरासमोर उभे राहतात आणि हिंगोटाची पोखरून दारू भरलेली फळं पेटवून एकमेकांवर फेकतात. दरवर्षी काही जण भाजतात. म्हणून ज्यांच्याकडे त्या दिवशी पाहुणे येणार आहेत, त्यांनी एक पानभर सूचना संगणकावर टाइप करून भिंतीवर लावलेल्या बऱ्या.

वर्डमध्ये असं पान करताना आपण सरसकट प्रत्येक ओळीपुढे काळा ठिपका देतो. पण ओळीपुढचं चिन्ह नुसती सजावट नसते. क्रमाला महत्त्व नसेल तिथे ठिपका, क्रम पाळायचाच असेल तिथे आकडा आणि काम झाल्यावर खूण करायची असेल तिथे रिकामी चौकट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घरात काय हवं:
• बॅटरी
• स्वच्छ सुती कापड
• पाण्याने भरलेल्या बादल्या

निघण्यापूर्वी:
☐ खिडक्या बंद केल्या
☐ मुलांना सुती कपडे घातले
☐ सर्वांनी एकमेकांचे फोन नंबर घेतले

कुणी भाजलं तर:
१. भाजलेला भाग २० मिनिटं नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.
२. पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. नंतर सूज येते.
३. स्वच्छ कापडाने सैल झाका.
४. डॉक्टरकडे न्या.

शेवटच्या यादीत आकड्यांऐवजी ठिपके असते, तर घाबरलेला माणूस कदाचित कापडापासूनच सुरुवात करेल!

आता कृती. ओळी निवडा. होम टॅबवर बुलेट्सच्या बटणाशेजारी छोटा बाण आहे, तो दाबून ‘डिफाइन न्यू बुलेट’ उघडा. तिथे ‘सिम्बॉल’मध्ये हवं ते चिन्ह मिळेल. चौकटीसाठी ‘सेगो यूआय सिम्बॉल’ हा फॉन्ट घ्या आणि कोडच्या जागी इंग्रजी आकड्यांत २६१० लिहा. ‘फॉन्ट’ या बटणाने चिन्हाचा रंग आणि आकार बदलतो. भिंतीवरच्या कागदासाठी तो मोठाच ठेवा. मराठी आकडे हवे असतील, तर वर्डच्या भाषांमध्ये हिंदी जोडून घ्या आणि शेजारच्या नंबरिंगच्या बटणातून १, २, ३ ही शैली निवडा. हाताने आकडे टाइप करू नका, कारण मध्ये एखादी ओळ वाढली की पुढचे सगळे आकडे आपल्यालाच बदलावे लागतात. एकाच मुद्द्यात नवी ओळ हवी असेल, तर शिफ्ट दाबून एंटर करा. म्हणजे नवा ठिपका येत नाही.

एक खबरदारी घ्या. विंगडिंग्ज फॉन्टमधली बाणांची, फुलांची चिन्हं आपल्या संगणकावर छान दिसतात, पण समोरच्याच्या मोबाइलमध्ये तो फॉन्ट नसेल तर त्याला भलतंच काही दिसतं. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल पीडीएफ करूनच पाठवा. आणि एक प्रत छापून दाराशी लावा, कारण ऐन गडबडीत मोबाइल शोधायला वेळ नसतो.